मोठी फांदी दोराने कशी उतरवतात?

पावसाळ्याआधी रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाची छाटणी कधी थांबून पाहिलीये? करवतीपेक्षा खरी करामत दोराची असते! 🌳

आधी वजनाचा अंदाज. ओलं लाकूड ढोबळमानाने घनमीटरला 1000 किलो धरतात. म्हणजे 30 सेंटीमीटर जाडीचा, 3 मीटर लांबीचा तुकडा दोनशे किलोच्या घरात जातो.

🔹 फांदीला बांधलेला दोर ज्या कप्पीतून जातो, ती शक्यतो कापाच्या वर, धडधाकट बेचक्यात बांधतात. दोराच्या दोन्ही बाजू तिला खाली ओढतात, त्यामुळे तिच्यावर फांदीच्या जवळपास दुप्पट भार येतो. पोखरलेली फांदी इथे चालत नाही.

🔹 दोराचं दुसरं टोक खाली बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन धरतात. घर्षणामुळे एकटा माणूसही भार पेलतो. दोर हाताला मात्र कधीच गुंडाळायचा नाही.

🔹 फांदी बुडाशी बांधली तर शेंडा आधी खाली झुकतो. खाली कौलं किंवा पत्रे असतील तर दोन्हीकडे दोर बांधून ती आडवीच उतरवतात.

🔹 काप आधी खालून, मग वरून. नाहीतर फांदी चिरते आणि साल सोलत जाते.

🔹 फांदी सुटली की दोर एकदम आवळायचा नाही, सरकू देत हळूहळू थांबवायचा. झटक्याने भार कित्येक पटींनी वाढतो.

चढणाऱ्याचा सुरक्षादोर नेहमी वेगळा. जवळ विजेच्या तारा असतील तर आधी पुरवठा बंद करून घ्या. आणि महाराष्ट्रातल्या शहरांत झाड तोडायला 1975च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हे काम प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्या, आपण लांबून बघा! 🙏