हलव्याचा काटा

नाताळ जवळ आला की परदेशातले चॉकलेटवाले ‘नटक्रॅकर’ या बॅलेच्या नावानं खोकी सजवतात. चायकोव्हस्कीच्या संगीताचा हा बॅले १८ डिसेंबर १८९२ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंचावर पहिल्यांदा झाला. दुसऱ्या अंकात चॉकलेट, कॉफी, चहा स्वतःच नाचतात. त्या गोड राज्याची मालकीण शुगर प्लम परी. शुगर प्लम म्हणजे बी किंवा बदामावर साखरेच्या पाकाचे थरावर थर चढवलेली गोळी. राहात्यात कुणालाही ही कृती सांगा, ‘हा तर संक्रांतीचा हलवा!’ असंच ऐकू येईल.

साखरेचं इथं अप्रूप नाही. याच तालुक्यात लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून सहकारी साखर कारखाना सुरू झाला. अप्रूप आहे ते हाताचं.

परातीत तीळ, खसखस नाहीतर साबुदाणा. खाली मंद निखारे. पाक चमचाभरच घालायचा आणि बोटांनी दाणे सारखे फिरवत राहायचे. पाणी उडतं, साखर दाण्यावर बसते, थर वाढत जातात आणि हळूहळू काटा वर येतो. पाक जास्त पडला की दाण्यांचा गोळा. हवा दमट असली की काटा धरतच नाही, म्हणून हे थंडीचं काम. एका घाण्याला दिवस जातात, बोटांना चटके बसतात ते निराळेच.

कारखान्यात हेच फिरत्या, कलत्या पिंपात होतं. चॉकलेट चढवलेले बदामही तशाच पिंपात फिरतात, फक्त तिथं थंड हवा सोडतात. यंत्राचा दाणा नेटका गोल असतो. पण काटा नसेल तर मी त्याला हलवा म्हणणार नाही.

तिकडे खाऊ रंगमंचावर चढला, आपल्याकडे अंगावर. नव्या सुनेच्या काळ्या चंद्रकळेवर पांढराशुभ्र तन्मणी, बाजूबंद, कमरपट्टा, नथ. जावयाला हार आणि नारळ. बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट, बासरी. दाण्याला भोक पाडायचं नसतं, दोऱ्याच्या फासात एकेक दाणा आवळायचा.

आता पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवलेले, सोनेरी मण्यांनी भरलेले संच तयार मिळतात. फोटोत छान दिसतात. खाता मात्र येत नाहीत, आणि बोरन्हाणाला जमलेल्या पोरांना आधी तेच करायचं असतं.