खिशातला वायुभारमापक

दिल्लीला जाताना विमानात माझ्या शर्टाच्या खिशावर निळं जास्वंद उमललं. पहाटे बिबवेवाडीहून रिक्षाने लोहगावला निघालो तेव्हा शर्ट कडक इस्त्रीचा होता आणि खिशात वडिलांचं जुनं शाईचं पेन. ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायचं, आणि त्या दिवशी नेमकं अर्धंच भरलेलं. विमान वर जाऊन स्थिरावेपर्यंत ते ओकून मोकळं झालं होतं. शेजारच्या काकूंनी काही न बोलता कागदी रुमाल पुढे केला. माझं लक्ष मात्र त्यांच्या मांडीवरच्या बाकरवडीच्या पाकिटाकडे. ते उशीसारखं टम्म फुगलेलं होतं.

डाग आणि ती उशी, दोन्हींचं कारण एकच.

विमान पस्तीसेक हजार फुटांवरून जातं, पण तिथली हवा आपल्याला देत नाहीत. ती इतकी विरळ असते की मिनिटाभरात शुद्ध हरपेल. म्हणून आत हवा दाबून भरतात, मात्र जमिनीवर असते तितकी नाही. तेवढा दाब पेलायचा तर विमानाचं अंग जास्त जाड आणि जड करावं लागेल. मग तडजोड अशी, की बहुतेक विमानांत दाब फार तर ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो इतकाच उतरू द्यायचा. ८,००० फूट म्हणजे जवळजवळ २,४४० मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटरची. तिच्या माथ्यावर आणखी अर्धी कळसूबाई रचावी आणि तिथे पट्टा बांधून चहा पीत बसावं, तसे आपण बसलेलो असतो. (बोइंग ७८७ सारख्या नव्या विमानांत ही उंची ६,००० फुटांवर आणली आहे. पेनवाल्यांनी तिकीट काढताना एवढं बघायला हरकत नाही.)

बाहेरचा दाब कमी झाला की कोंडलेली हवा फुगते, हे रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलं. किती फुगते, ते कागदावर काढून बघितलं आणि मला हसूच आलं. समुद्रकाठी हवेचा दाब साधारण १,०१० हेक्टोपास्कल, ८,००० फुटांवर साडेसातशेच्या आसपास. म्हणजे मुंबईहून निघालेल्या पेनातली हवा एक तृतीयांशाने फुगणार. पण लोहगावचा विमानतळ मुळातच ५९२ मीटरवर आहे. तिथे दाब ९४५च्या घरात, म्हणून पुण्याच्या पेनातली हवा फक्त पाव पटीने फुगते. शाई सांडण्यातसुद्धा पुणेकर मुंबईकरापेक्षा हात राखून!

आता पाव पट म्हणजे किती? पेनाच्या पोटात दोन मिलिलिटर हवा असेल तर ती अडीच होते. वाढलेल्या अर्ध्या मिलिलिटरला जागा हवी, म्हणून ती तेवढी शाई बाहेर ढकलते. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर हे दहा थेंब झाले. माझं जास्वंद बरोबर दहा पाकळ्यांचं होतं असं नाही म्हणत, पण हिशेब जमतो.

खरं नवल मात्र पुढे आहे. एरवी हे पेन गळत का नाही? निब खाली, शाई वर, मध्ये झाकण नाही. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून तो उलटा केला तरी पाणी पडत नाही, त्यातलाच हा प्रकार. हवा आत शिरल्याशिवाय शाई बाहेर येऊ शकत नाही. आणि हवेची ये-जा होते निबखालच्या काळ्या पट्टीतून, जिला आमच्या घरी जीभ म्हणत. तिच्यावर केसासारख्या बारीक खाचा असतात. केशाकर्षणाने शाई त्यांत धरून राहते, आणि जितकी उतरते तितकीच हवा वर जाते. अशा खाचांच्या जिभेचं पेटंट लुईस वॉटरमनने १८८४ साली घेतलं. पुष्कळ पेनांच्या जिभेला कंगव्यासारखे दातेही असतात. चुकार थेंब तिथे अडकतो. एक-दोन थेंब ठीक. दहा थेंबांपुढे कंगवा काय करणार?

म्हणून विमानात पेन न्यायचं तर गच्च भरून न्यावं, नाहीतर रिकामं. गच्च भरलेल्यात हवाच नाही, फुगणार काय? अर्धवट भरलेलं सगळ्यात वाईट. आणि निब वर. हे मला आधी सुचायला हवं होतं: पेन उभं धरलं की हवा वर चढून निबेशी जाते, आणि फुगली तरी शाईला न ढकलता जिभेतून निघून जाते. काही जपानी पेनांत तर मागची फिरकी आवळली की शाईची वाटच बंद होते. बोरूला मात्र यातलं काही लागत नाही, त्याला पोटच नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने बॉलपेन उचललं ते याच दुखण्यापायी. लास्लो बिरोचं ते पेन १९३८च्या पेटंटचं. दाट शाई उंचीवर सहसा गळत नसे. आपल्याकडचे दोन धागेही किती जवळ आहेत बघा. १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाई काढली, तीच पुढे कॅम्लिन झाली. पुढच्याच वर्षी, १५ ऑक्टोबरला, जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. शाईची पत्रं हवेतून जाऊ लागली, शाईच्या पेनाला मात्र हवा मानवेना.

परतताना पेन गच्च भरलं आणि निब वर करून खिशात अडकवलं. एक थेंब नाही. वर असताना पाण्याची बाटली संपवली आणि झाकण घट्ट लावून पायाशी ठेवली. विमान उतरू लागलं तशी ती आपोआप कट्‌कट्‌ करत चेपायला लागली. पुण्याची हवा तिला चारही बाजूंनी दाबत होती. हवामान खात्याचं पुण्यातलं ऑफिस १९२८ साली सिमल्याहून आलं, म्हणून लोक अजून त्याला सिमला ऑफिसच म्हणतात. तिथले वायुभारमापक जे मोजतात, तेच ही रिकामी बाटली फुकटात दाखवत होती.

ती तशीच चेपलेली बिबवेवाडीपर्यंत आणली. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून झाकण फिरवलं. सुस्स आवाज झाला आणि बाटली पुन्हा ताठ झाली.