आमदारांचा कार्यअहवाल आणि आपल्या वस्तीचा हिशेब



अधिवेशन संपले, वर्ष सरले किंवा निवडणूक जवळ आली की गुळगुळीत कागदावरची एक पुस्तिका घरोघर येऊन पडते. मुखपृष्ठावर आमदार साहेबांचा हात जोडलेला फोटो, आत नारळ फोडतानाचे फोटो आणि शेवटी कोटींचे आकडे. आपल्यापैकी बरेचजण ती चाळतात, ओळखीचा चेहरा दिसला तर दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात लेकराच्या वहीचे कव्हर निघते. आमचे म्हणणे इतकेच, की कव्हर घालण्याआधी ती पुस्तिका एकदा पेन्सिल हातात घेऊन वाचा. लोकप्रतिनिधीने आपल्याला दिलेला तो हिशेब आहे, आणि हिशेब तपासायचा असतो.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. जमा-खर्चाच्या दोन बाजू जुळल्याशिवाय आम्हाला वही मिटवता येत नाही. तीच सवय आपल्या शिरूर-दौंडच्या घराघरात लागावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपला आमदार कोण?

प्रश्न सोपा वाटतो, पण इथेच पहिली गफलत होते. शिरूर तालुका सगळाच्या सगळा शिरूर विधानसभेत नाही. 2008 च्या फेररचनेत पाबळ आणि टाकळी हाजी या भागांतली गावे आंबेगाव मतदारसंघाला जोडली गेली, आणि हवेली तालुक्याचा पूर्वेकडचा भाग शिरूरला आला. म्हणजे पाबळच्या बौद्धवाड्यातल्या माणसाने शिरूरच्या आमदाराकडे अर्ज घेऊन जाणे म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभे राहणे. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत शिरूरमधून ज्ञानेश्वर (माउली) कटके, दौंडमधून राहुल कुल आणि आंबेगावमधून दिलीप वळसे पाटील निवडून आले. राहुल कुल यांची ती सलग तिसरी निवड.

खासदारकीचा नकाशा आणखी वेगळा. शिरूर विधानसभा शिरूर लोकसभेत, तर दौंड बारामती लोकसभेत. 2024 मध्ये शिरूरमधून डॉ. अमोल कोल्हे आणि बारामतीतून सुप्रिया सुळे निवडून आल्या. म्हणून रेल्वेचा प्रश्न दौंडकरांनी एका दारी न्यायचा आणि शिरूरकरांनी दुसऱ्या. हे पाठ असले की निम्म्या खेपा वाचतात.

हे पैसे कोणाचे?

पुस्तिकेत सगळी कामे एका रांगेत असतात. वाचणाऱ्याला वाटते, सगळे आमदार निधीतून झाले. तसे नसते. महाराष्ट्रात आमदाराचा स्थानिक विकास निधी मार्च 2022 मध्ये वर्षाला 4 कोटींवरून 5 कोटी रुपये झाला. खासदार निधी डिसेंबर 1993 मध्ये सुरू झाला आणि 2011-12 पासून तो वर्षाला 5 कोटी आहे. त्यातली किमान 15 टक्के कामे अनुसूचित जातींच्या वस्त्यांत आणि साडेसात टक्के आदिवासी वस्त्यांत व्हावीत, असा नियम आहे. हा पैसा आमदार-खासदारांच्या खिशात येत नाही. त्यांनी काम सुचवायचे आणि जिल्हा प्रशासनाने ते मंजूर करून करून घ्यायचे, अशी रीत आहे.

आता पुस्तिकेत जर ‘शेकडो कोटींची विकासकामे’ असे छापले असेल, तर पेन्सिलने गुणाकार करा. वर्षाचे 5 कोटी धरले तर पाच वर्षांचे 25 कोटी. उरलेला आकडा कुठून आला? तो राज्याच्या अंदाजपत्रकातून, जिल्हा नियोजन समितीतून, केंद्राच्या योजनांतून आलेला असतो. घरोघरी नळाची जलजीवन योजना 2019 मध्ये केंद्राने जाहीर केली. वित्त आयोगाचा मोठा हिस्सा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. पुणे-शिरूर उन्नत मार्ग तर 7 हजार कोटींच्या वरचा राज्याचा प्रकल्प. असे काम आमदाराच्या पुस्तिकेत असते, खासदाराच्या असते आणि मंत्र्यांच्याही असते. पाठपुरावा तिघांनीही केला असेल. आम्ही त्याचे श्रेय नाकारत नाही. परंतु पाठपुरावा वेगळा आणि निधी वेगळा. दोन्ही एका रकान्यात लिहिले की हिशेब फसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर पुणे जिल्हा परिषदेवर प्रशासक आले आणि पुढची काही वर्षे तिथे लोकांनी निवडलेला सदस्यच नव्हता. त्या काळात वस्तीतल्या गटाराचा प्रश्नसुद्धा आमदारापर्यंत जाऊ लागला. म्हणून त्या वर्षांचा अहवाल जास्त बारकाईने वाचायला हवा.

‘मंजूर’ म्हणजे ‘झाले’ नव्हे

कोणत्याही सरकारी कामाला पायऱ्या असतात. प्रस्ताव, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तकातली नोंद, देयक आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला. पुस्तिकेतला ‘मंजूर’ हा शब्द बहुधा दुसऱ्या पायरीवरचा असतो. नारळ फुटतो तो पाचव्या पायरीच्या आसपास. कधी त्याच्याही आधी. म्हणून प्रत्येक कामापुढे तीन प्रश्न लिहा: कार्यारंभ आदेश कधीचा? मुदत कधी संपते? किती टक्के रक्कम खर्च झाली?

उत्तर मिळत नसेल तर 2005 चा माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचे तिकीट, तीस दिवसांत उत्तर; दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही शुल्क नाही. मोजमाप पुस्तकाची प्रत मागा. समाजमंदिराच्या भिंतीची जाडी कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे आपला गवंडी काम करणारा भाऊ टेपने मोजून सांगेल. त्याला इंजिनीअरची पदवी लागत नाही.

आपल्या वाट्याचे पान

आता मुद्द्याचे. पुस्तिकेत आपल्या वस्तीचे पान कोणते?

1974 पासूनची दलित वस्ती सुधार योजना आज ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास’ या नावाने चालते. 5 डिसेंबर 2011 च्या शासन निर्णयाने लोकसंख्येप्रमाणे रकमा ठरवल्या होत्या: 10 ते 25 लोकवस्तीला 2 लाख, तर 300 च्या वरच्या वस्तीला 20 लाख. समजा, आपल्या वस्तीत साठ घरे आणि 280 माणसे आहेत. त्या तक्त्याप्रमाणे अशा वस्तीचा हक्क पाच वर्षांच्या आराखड्यात 15 लाखांचा होता. हा पैसा पाणी, गटार, दिवाबत्ती, अंतर्गत रस्ता, समाजमंदिर यांसाठी. हा पैसा कोणी मेहरबानी म्हणून देत नाही. तो वस्तीच्या नावाने मोजून ठेवलेला आहे. प्रश्न असा विचारायचा, की आराखड्यात आपली वस्ती आहे का, लोकसंख्या बरोबर लिहिली आहे का, आणि आपल्या नावावरचा रस्ता दुसऱ्याच आळीतून तर गेला नाही ना?

ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नाच्या 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावी लागते. कोरेगाव भीमा, सणसवाडी, रांजणगाव, कुरकुंभ ही कारखान्यांची गावे. तिथल्या पंचायतींना कारखान्यांकडून कर मिळतो. तेव्हा 15 टक्के म्हणजे किरकोळ रक्कम नव्हे. ग्रामसभेत उठून एवढेच विचारा: ‘गेल्या वर्षी आमचे पंधरा टक्के किती झाले आणि कुठे गेले?’

मायमाऊल्यांनी नळाचा हिशेब घ्यावा. योजनेचे माप माणशी रोज 55 लिटर पाण्याचे आहे. पाच माणसांच्या घराला 275 लिटर, म्हणजे साधारण अठरा कळशा. तोटी बसली आणि फोटो निघाला, पण कळशा किती भरल्या? हे बाईशिवाय दुसरे कोणी सांगू शकत नाही. म्हणून ग्रामसभेत पुरुषांच्या मागे बसू नका.

घर, जमीन आणि शिक्षण

रमाई आवास योजनेत घरकुल मिळते, पण जागा नावावर नसली की अर्ज अडतो. गावठाणाबाहेर किंवा गायरानात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांचे दुखणे हेच आहे. ‘इतकी घरकुले मंजूर’ हे वाचून थांबू नका. जागेअभावी किती अर्ज पडून आहेत, तो आकडा मागा. जागा मिळवून देणे हे आमदाराच्या वजनाचे खरे काम आहे.

2004 मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना सुरू झाली. भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन. 2018 मध्ये ती शंभर टक्के अनुदानाची झाली; दर जिरायतीला एकरी 5 लाख आणि बागायतीला 8 लाखांपर्यंत. आता आपणच सांगा, घोडनदीकाठी किंवा दौंडच्या उसाच्या पट्ट्यात या भावाने बागायत जमीन कोण विकेल? योजना कागदावर आहे, जमीन बाजारात आहे आणि मधले अंतर कोणी बोलत नाही. सभागृहात हा दर वाढवून मागणे, हेही पुस्तिकेत लिहिण्याजोगे काम आहे.

मुलांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना 2016-17 पासून आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याला पुण्यासारख्या शहरात शिकताना वर्षाला 60 हजारांपर्यंत मदत. आपली किती मुले या मदतीला पात्र असूनही अर्जच करत नाहीत? इथे आमदाराची वाट पाहायची गरज नाही. वस्तीतल्या शिकलेल्या तरुणाने चार फॉर्म भरून दिले तरी पुरे.

‘स्थानिकांना रोजगार’

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे हे वाक्य प्रत्येक पुस्तिकेत असते. राज्याच्या 2008 च्या शासन निर्णयाप्रमाणे उद्योगांनी 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात. पण ‘स्थानिक’ची व्याख्या काय? महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षे राहणारा तो स्थानिक. नांदेडचा मुलगाही त्यात बसतो आणि नंदुरबारचाही. त्यांच्या पोटावर पाय द्या, असे आम्ही म्हणत नाही. पण गावाला वाटते, आपल्यासाठी जागा राखून आहेत, तसे नसते. म्हणून विचारायचे ते हे: किती जण कायम आणि किती ठेकेदाराकडे? ठेकेदाराच्या मुलांचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का? आयटीआय झालेल्या आपल्या पोरांसाठी कोणी काय केले?

सभागृहात काय बोलले?

आमदाराचे पहिले काम विधिमंडळात असते. तारांकित प्रश्न किती विचारले, लक्षवेधी कोणत्या मांडल्या, अंदाजपत्रकावर बोलले का? यासाठी परमपूज्य डॉ. बाबासाहेबांचाच आदर्श आपल्यापुढे आहे. मुंबई विधिमंडळावर नियुक्ती झाल्यावर 24 फेब्रुवारी 1927 रोजी ते अंदाजपत्रकावर बोलले; गरीब शेतकऱ्याचा सारा आणि श्रीमंताचा कर यांतला अन्याय त्यांनी आकड्यांनी दाखवला. 1928 मध्ये महार वतनाचे विधेयक मांडले आणि त्याच वर्षी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बाजूने भाषण केले. 1937 मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून खोतीविरोधी विधेयक आणले. नारळ न फोडता एका लोकप्रतिनिधीने केलेले हे काम आहे.

आज असाच एक प्रश्न सभागृहात उभा आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे राज्यात अनुसूचित जाती 11.8 टक्के आहेत आणि त्या प्रमाणात अंदाजपत्रकात तरतूद व्हावी, असे धोरण आहे. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या योजनेत आपल्या भगिनीही आहेत, असा सरकारचा युक्तिवाद. भगिनींना पैसे मिळावेत, यात वाद नाही. पण वसतिगृहाचा पैसा आणि बहिणीचा पैसा एकाच डब्यातून निघाला, तर लेकराचा घास काढून आईला वाढल्यासारखे होते. असा निधी वळवता येऊ नये म्हणून आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने 2013 मध्ये कायदे केले. महाराष्ट्रातही तसा कायदा व्हावा, ही मागणी जुनी आहे. आपल्या आमदारांनी त्यावर कोणती भूमिका घेतली, हे विचारायला आपण बांधील आहोत.

करायचे काय?

फार नाही. दर रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास ठेवा. एक वही घाला. डाव्या पानावर पुस्तिकेतले काम, रक्कम आणि तारीख. उजव्या पानावर प्रत्यक्ष पाहून आलेली नोंद. जे झाले त्याला ‘झाले’ लिहा आणि आमदारांना आभाराचे पत्रही द्या. चांगल्याला चांगले म्हणण्यात कमीपणा नाही. जे झाले नाही त्याची यादी सगळ्यांच्या सह्यांनी द्या आणि पोच घ्या. पत्र एकट्याचे नको, वस्तीचे असू द्या. वही लिहायला दहावी-बारावीतल्या मुलीला बसवा. तिचा हिशेबही पक्का होईल आणि नागरिकशास्त्रही.

मत आपण पाच वर्षांतून एकदा देतो. हिशेब मात्र दर महिन्याला घेता येतो, आणि ज्या वस्तीच्या हातात वही असते, त्या वस्तीला पुस्तिका काढणारा माणूस जपून आकडे देतो.

जयभीम!