बुऱ्हाणपूरविना खानदेश

खानदेश म्हटले की आज जळगाव आणि धुळे डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्या नगराच्या बळावर हा मुलूख मोगल पातशाहीचा सुभा म्हणून नांदला, ते बुऱ्हाणपूर तापीच्याच काठी असूनही मध्यप्रदेशात मोडते.

फारुकी सुलतानांचे दोन शतकांचे राज्य अकबराने १६०१ मध्ये बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड हाती येताच खालसा केले. गड लाचेने पडला की रोगराईने, यावर फारसी तवारिखा आणि जेझुइट पाद्र्यांचे वृत्तांत यांचे एकमत नाही. मात्र सातपुड्यातून दक्षिणेस उतरणारी वाट ज्याच्या तोफांखाली, त्याच्याच हाती दक्षिणेची किल्ली, हे मोगल आणि फारुकी या दोन्ही पक्षांस ठाऊक होते. अकबराने सुभा शाहजादा दानियालकडे सोपवून त्याचे नाव 'दानदेश' ठेवले. लोकांनी ते मनावर घेतले नाही.

अहमदनगरावर चालून जाणाऱ्या फौजांची रसद बुऱ्हाणपुरातूनच निघे, आग्रा आणि सुरत यांमधील व्यापारी तांडे येथेच मुक्काम करीत, आणि येथील तलम व जरीकाठी वस्त्रे इराण-तुर्कस्थानापर्यंत पोहोचत. त्यामुळे एका लहानशा सुभ्याची ही कसबा-राजधानी दक्षिणेच्या साऱ्या मोगली कारभाराचे ठाणे होऊन बसली. १६१५ मध्ये इंग्रज वकील टॉमस रो शाहजादा परवीझला भेटला तो येथेच. अब्दुर्रहीम खानखानानाच्या काळात डोंगरपायथ्याचे झरे भूमिगत कालव्यांनी शहरात आणले गेले. माझ्या मते तख्तासाठी झालेल्या साऱ्या लढायांहून हे काम थोर. १६३१ मध्ये मुमताजमहल येथे निवर्तली आणि आग्र्यास नेण्यापूर्वी तिचा देह तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत विसावला होता, तर त्याच सुमारास भीषण दुष्काळाने सुभा उजाड होत होता. दरबारी इतिहासात पहिल्या दुःखास मिळालेली जागा दुसऱ्यास मिळाली नाही, यात नवल ते काय?

१६८१ मध्ये संभाजीराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरलगतचा बहादूरपुरा लुटला, आणि पुढे चौथाईच्या मागण्यांनी सुभेदाराचा अंमल नावापुरता उरला. १७६० मध्ये उदगीरच्या तहाने बुऱ्हाणपूर व असीरगड पेशव्यांकडे आले. पुढे शहर शिंद्यांच्या ताब्यात गेले. इथेच शिर धडावेगळे झाले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनीने खानदेश घेतला, त्यात ही राजधानी नव्हती, म्हणून कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याच्या कचेऱ्यांसाठी धुळे निवडले. बुऱ्हाणपूर पुढे इंग्रजांकडे आले तेही मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यात. आणि १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग झाले तेव्हा पूर्वेचे ठाणे जळगावास मांडले गेले.