पीएचडी सोडून स्टार्टअप? राजीनाम्याआधी बघायच्या काही गोष्टी

पीएचडीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक दिवस असा येतोच. प्रयोग कधी नव्हे तो नीट चालतो, कुणीतरी बाहेरचा माणूस तो बघून म्हणतो, "अहो, याची कंपनी का नाही काढत?" आणि त्या रात्री झोप लागत नाही. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना आज हे लांबचं वाटेल. पण आत शिरण्याआधीच हे समजून घेतलेलं बरं, कारण यातले काही निर्णय पहिल्या वर्षीच नकळत होऊन जातात.

आमच्या लॅबमध्ये हे घडलं ते फ्लोराइडच्या पट्टीवरून. माझा लॅबमेट पाण्यातला फ्लोराइड ओळखणारी कागदी पट्टी बनवत होता. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यातल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यानं दात आणि हाडं खराब होतात. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. त्याची पट्टी १.५ च्या आसपास स्पष्ट रंग बदलत होती. एका प्रदर्शनात एक गुंतवणूकदार भेटले आणि म्हणाले, डिग्रीच्या मागे वेळ घालवू नका. त्यानं मला विचारलं, "येतेस का?" आणि पुढचे दोन आठवडे आम्ही दोघांनी एकही प्रयोग केला नाही, फक्त चहा प्यायलो आणि गणितं मांडली. हा लेख म्हणजे त्या दोन आठवड्यांत आणि नंतरच्या काही महिन्यांत जे कळलं ते.

सगळ्यात आधी गूगलच्या गोष्टीचा बंदोबस्त करू, कारण ती कुणीतरी ऐकवतंच. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी स्टॅनफर्डची पीएचडी सोडली आणि पुढे इतिहास घडला, अशी ती सांगितली जाते. खरं घडलं ते बरंच सावध होतं. दोघांनी आधी आपलं तंत्रज्ञान तेव्हाच्या सर्च कंपन्यांना विकायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही तेव्हा सप्टेंबर १९९८ मध्ये कंपनी काढली, आणि विद्यापीठातून त्यांनी रजा घेतली होती. परत येण्याचं दार उघडं होतं. पेजरँकचं पेटंट तर त्यांचं नव्हतंच, ते स्टॅनफर्डच्या मालकीचं होतं. गूगलनं त्याचा परवाना घेतला आणि बदल्यात विद्यापीठाला सुमारे १८ लाख शेअर दिले. २००५ पर्यंत ते विकून स्टॅनफर्डला जवळपास ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. म्हणजे ज्या गोष्टीचा दाखला देऊन लोक "उडी मार" म्हणतात, तिच्यात उडी कमी आणि कागदपत्रं जास्त होती.

दुसरं उदाहरण लोक देत नाहीत, पण विज्ञानवाल्यांना ते जास्त लागू पडतं. १९७६ मध्ये हर्बर्ट बॉयर यांनी जेनेन्टेक काढली, ती रॉबर्ट स्वॉनसन या गुंतवणूक क्षेत्रातल्या तरुणाबरोबर. कंपनीचा गाडा स्वॉनसननी ओढला. बॉयर विद्यापीठात प्राध्यापकच राहिले.

यातून मला पहिली गोष्ट कळली ती ही, की "सोडू की नको" हा प्रश्नच चुकीच्या जागी सुरू होतो. त्याच्या आधी एक प्रश्न आहे: हे जे आहे ते कुणाचं आहे?

लॅबमधलं रसायन संस्थेचं, उपकरण संस्थेचं, फेलोशिप सरकारची. बहुतेक संस्थांच्या धोरणात अशा कामाचा हक्क संस्थेकडे असतो आणि संशोधक म्हणून तुमचं नाव लागतं. केंद्र सरकारचं २०१९ चं विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठीचं राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरण आहे, ते एकदा तरी वाचा. त्यात म्हटलंय की संस्थेच्या सुविधा न वापरता, अभ्यासक्रमाबाहेर केलेलं काम पूर्णपणे तुमचं; आणि संस्थेची मदत, जागा, बौद्धिक संपदा वापरली असेल तर संस्था कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. हे मार्गदर्शक धोरण आहे, प्रत्येक संस्थेनं ते आपापल्या पद्धतीनं घेतलंय. म्हणून तुमच्या संस्थेचा कागद मागून घ्या. आम्ही मागितला तेव्हा ऑफिसमधल्या काकांनी "कशाला हवाय?" असं दोनदा विचारलं, पण दिला.

याच्याशीच जोडलेली, आणि पहिल्या वर्षीच लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे पोस्टर. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो. तुम्ही स्वतः परिषदेत पोस्टर लावलं, पेपर छापला, तर तो जगासमोर आला. आपल्या कायद्यात काही ठरावीक प्रसंगी, उदाहरणार्थ विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी, १२ महिन्यांची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये, आणि युरोपात तर तेवढीही मोकळीक नाही. थिसिस सादर झाला की तो शोधगंगेवर जातो, तेही प्रकाशनच. उपाय अवघड नाही: आधी तात्पुरता अर्ज, म्हणजे प्रोव्हिजनल, दाखल करायचा, मग पोस्टर. त्यानंतर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सूट आहे, त्यामुळे खर्चाचं कारण फारसं उरत नाही. माझ्या लॅबमेटचं नशीब एवढंच की प्रदर्शनातल्या फलकावर त्यानं रसायनाचं नाव लिहिलं नव्हतं. मुद्दाम नाही, जागा पुरली नाही म्हणून.

आता मुख्य गोष्ट, जिथे आम्ही खरे आपटलो.

पट्टी चालत होती ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये. पट्टीचं तत्त्व सोपं: झिर्कोनियम आणि एका रंगद्रव्याची जोडी कागदावर बसवलेली असते. फ्लोराइड आला की तो झिर्कोनियमला स्वतःकडे ओढतो, जोडी तुटते, रंग बदलतो. ही क्रिया नीट व्हायला आम्लता लागते, म्हणून कागदावर थोडं आम्लही असतं. दोन आठवड्यांच्या चहानंतर त्याच्या मामांच्या गावाहून बोअरच्या पाण्याच्या सहा बाटल्या आल्या. आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडवर मोजलं तर दोन बाटल्यांत फ्लोराइड मर्यादेच्या बराच वर. आणि पट्टी? पट्टी म्हणाली, पाणी ठीक आहे.

कारण शोधायला वेळ लागला, पण ते पाठ्यपुस्तकातलंच होतं. जास्त फ्लोराइडचं भूजल बहुधा सोडियम-बायकार्बोनेटवालं, अल्कधर्मी असतं, कॅल्शियम कमी असतं. ती अल्कधर्मिता कागदावरचं इवलंसं आम्ल खाऊन टाकत होती, त्यामुळे रंग बदलतच नव्हता. म्हणजे जिथे पाणी सर्वांत वाईट, तिथेच पट्टी सर्वांत जास्त खोटं बोलत होती. त्यात अ‍ॅल्युमिनियम असेल तर तो फ्लोराइडला बांधून ठेवतो आणि आकडा आणखी कमी दिसतो. फॉस्फेट उलट दिशेनं फसवतो. पेपरमध्ये याला "इंटरफेरन्स" म्हणतात आणि एका परिच्छेदात गुंडाळतात. विकायला काढलेल्या पट्टीत याचा अर्थ असा की कुणाची तरी आई ते पाणी पोराला पाजणार.

लॅबमधलं चाललेलं काम आणि बाजारातली वस्तू यांच्यातलं हे अंतर मोजायला नासानं सुरू केलेली एक मोजपट्टी वापरतात, तंत्रज्ञान सिद्धतेची १ ते ९ पातळी. पीएचडीतलं बहुतेक काम ३ किंवा ४ वर असतं: प्रयोगशाळेत तत्त्व सिद्ध झालं. खऱ्या परिस्थितीत चाचणी म्हणजे ५ च्या पुढे. तुमची कल्पना ३ वर असेल तर तुम्ही विद्यापीठ सोडून नेमकं काय करणार आहात? पुढचं कामही लॅबचंच आहे. इलेक्ट्रोड, फ्युम हूड, पीएच मीटर आणि पाच रुपयेही न मोजता बोलायला मिळणारे सीनियर, हे सगळं सोडून तेच काम भाड्याच्या खोलीत करायचं का? आमच्या बाबतीत पुढचे आठ महिने अल्कधर्मितेवर मात करण्यात गेले, आणि गंमत अशी की तेच त्याच्या थिसिसचं सर्वांत चांगलं प्रकरण झालं.

सॉफ्टवेअरवाल्यांचं गणित वेगळं असू शकतं, तिथे लॅपटॉप हीच लॅब आणि बाजार थांबत नाही. माझं बोलणं रसायन, जीवशास्त्र, पदार्थविज्ञान अशा ओल्या-जड विषयांबद्दल आहे.

ग्राहकाचंही तसंच. आम्ही कागदावर लिहिलं होतं, "ग्राहक: ग्रामीण कुटुंब." जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना फील्ड टेस्ट किटनं पाणी तपासायला शिकवलं गेलंय. म्हणजे वापरणार ती, पण पैसे देणार सरकारी खातं, आणि ते खरेदी करणार निविदेनं. वापरणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असेल तर दोघांशीही बोलावं लागतं. यासाठी काही सोडावं लागत नाही. एसटीचं तिकीट लागतं. तो तीन गावांत जाऊन आला आणि एका आशाताईंनी त्याला सांगितलं की रंग संध्याकाळी ट्यूबलाइटखाली वेगळा दिसतो. हे आम्हाला लॅबमध्ये कधी सुचलं नसतं.

पैशांचं थोडक्यात सांगते. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० रुपये महिना आहे, घरभाडं भत्ता वेगळा. हे गेलं तर काय? बायरॅकचं बिग अनुदान ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी मिळतं. निधी-प्रयासमधून नमुना बनवायला १० लाखांपर्यंत. आकडे मोठे दिसतात, पण ते प्रकल्पाचे पैसे आहेत, तुमच्या आईच्या औषधांचे नाहीत. अर्ज, मुलाखत, मंजुरी, हप्ता, या सगळ्यात महिने जातात. तेवढे महिने घर कशावर चालेल हे वहीत लिहून बघा, मनात नको. पुण्यात एनसीएलच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर आहे, मुंबईत आयआयटीचं साइन २००४ पासून. अशा ठिकाणी जाऊन विचारलेलं बरं, त्यांनी या वाटेवर पडलेली माणसं पाहिलेली असतात.

आणि रजा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडी किमान तीन, कमाल सहा वर्षं, आणि पुनर्नोंदणीनं आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना याखेरीज दोन वर्षांची सवलत. फेलोशिपचं घड्याळ वेगळं चालतं, ती एकूण पाच वर्षांची. ही दोन्ही घड्याळं समोर ठेवली की कळतं की चौथ्या वर्षी सहा महिन्यांचा ब्रेक घेणं शक्य आहे का. वर सांगितलेल्या २०१९ च्या धोरणातही स्टार्टअपसाठी विद्यार्थ्याला सत्र किंवा वर्षाचा ब्रेक देण्याची शिफारस आहे. गाईडला हे शेवटी कळवू नका. ते रागावतील ही भीती आम्हालाही होती. आमचे सर ऐकून म्हणाले, "पेटंटवर माझं नाव असेल ना?" आणि मग अर्धा तास खरोखर मदतीचं बोलले.

एक प्रश्न मात्र कुणी दुसरं विचारणार नाही, तो तुम्हीच विचारा. उद्या याच शहरात बऱ्या पगाराची कंपनीतली नोकरी मिळाली तर घ्याल का? उत्तर पटकन "हो" आलं, तर तुम्हाला कंपनी काढायची नाहीये, लॅबमधून बाहेर पडायचंय. त्यात लाज काहीच नाही. अडकलेला प्रयोग, न बोलणारा गाईड, रिजेक्ट झालेला पेपर, ही सोडण्याची खरी कारणं असू शकतात, पण त्यांचा इलाज वेगळा: गाईड बदलणं, नोकरी, किंवा सरळ बाहेर पडणं. रागातून निघालेल्या माणसाचा उद्योग उभा राहतच नाही असंही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बढतीत डावललं म्हणून त्यांनी मुंबईच्या व्हीजेटीआयमधली शिकवण्याची नोकरी सोडली. पण बेळगावात भावाबरोबर सायकलींचा धंदा तोवर सुरू झालेला होता.

माझ्यापुरतं उत्तर "हो" आलं. नोकरी मिळाली असती तर मी घेतली असती, त्या पट्टीवर माझं तेवढं प्रेम नव्हतं. त्याला मी तसं सांगितलं. दोन दिवस तो बोलला नाही, तिसऱ्या दिवशी माझाच पीएच मीटर मागायला आला. आता त्याचा प्रोव्हिजनल दाखल झालाय, थिसिसची चार प्रकरणं लिहून झालीत आणि जूनपासून तो सहा महिन्यांच्या रजेवर जातोय. पट्टी सहापैकी पाच बाटल्यांत बरोबर सांगते. सहावी बाटली माझ्या टेबलाखालच्या खोक्यात आहे, तिच्यात नक्की काय आहे ते अजून सापडलेलं नाही.