तांब्यात कोरलेलं जुनं गोवं

मांडवीत नांगरलेली जहाजं, काठावर व्हाइसरॉयचा वाडा, त्यामागे दाटीवाटीनं उभी राहिलेली घरं आणि चर्च. सोळाव्या शतकातलं गोवं म्हणून आपल्यापुढे येणारं हे चित्र यान हुइखेन व्हान लिन्सखोतेन या डच माणसाच्या ग्रंथातलं. हा गृहस्थ १५८३ मध्ये गोव्यात उतरला तो आर्चबिशप व्हिसेंते द फोन्सेका यांचा चिटणीस म्हणून. १५८९ च्या सुरुवातीला तो परत निघाला आणि १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लासनं त्याचा ‘इतिनेरारियो’ छापला. त्यातला शहराचा मोठा नकाशा बाप्टिस्टा व्हान डोएटेकम यानं कोरला होता.

नकाशात रस्ते वरून पाहिल्यासारखे आखलेत, तर इमारती समोरून पाहिल्यासारख्या उभ्या केल्यात. दोन्ही एकदम असे दिसतील अशा जागी उभं राहून गोवं कुणीच पाहिलेलं नव्हतं. पण यामुळे वाचणाऱ्याची दोन्ही कामं साधतात: वाट कळते आणि वास्तूही ओळखता येते.

कोरण्याचं काम मोठं चिकाटीचं. गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर पोलादी टोकानं चर पाडायचे, अक्षरंसुद्धा उलटी कोरायची. मग शाई चोळून पृष्ठभाग पुसून काढायचा. शाई उरते ती चरांतच. त्यावर ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबयंत्रातून काढला की चरांतली शाई कागदावर उतरते. पत्र्याच्या कडेचा दाबही कागदावर उमटतो. कागद तिरप्या उजेडात धरला तर चित्राभोवतीची ही दबलेली चौकट डोळ्यांना दिसते, बोटालाही लागते. छापून छापून पत्रा झिजतो आणि बारीक रेषा आधी फिक्या पडतात.

त्याच ग्रंथात ‘रुआ दिरेता’ या मुख्य रस्त्यावरच्या बाजाराचंही चित्र आहे. सण आणि रविवार सोडून रोज सकाळी इथे लिलाव चाले. पालखीतले साहेब, डोक्यावर छत्री धरलेले नोकर, विक्रीला आणलेले घोडे आणि माणसंही. मेलेल्याची मालमत्ता, मग तो व्हाइसरॉय का असेना, इथेच बोलीवर जाई, असं लिन्सखोतेन नोंदवतो. शहराचं वैभव आणि गुलामांचा व्यापार एकाच रस्त्यावर मांडलेले आहेत.

ही चित्रं केवळ हौसेची नव्हती. पूर्वेकडच्या सागरी वाटांची माहिती पोर्तुगीज जपून ठेवत. लिन्सखोतेनच्या जहाजवाटांच्या टिपणांचा भाग १५९५ मध्येच छापून निघाला आणि त्याच वर्षी डचांचा पहिला तांडा जावाकडे निघाला. वाट त्या टिपणांनी सांगितली. त्या वाटेच्या टोकाला मिळवण्याजोगं काय आहे, ते चित्रांनी दाखवलं. १५९८ मध्ये लंडनला या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर निघालं, फ्रँकफुर्टच्या द ब्री घराण्यानंही आपल्या प्रवासग्रंथांत ही चित्रं नव्यानं कोरून घेतली. पुढे १६३६ पासून काही वर्षं डच जहाजं मांडवीच्या तोंडाशी नाकेबंदी करून बसत.

इकडे शहराला साथींनी पोखरलं. १६९५ मध्ये व्हाइसरॉयनं मुक्काम पणेलीला हलवला, १७५९ मध्ये पणजीला. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. युरोपात मात्र जुन्या चित्रांवरून नव्या प्रती निघतच राहिल्या. त्यांत जहाजं तशीच गर्दी करून उभी, बाजार तसाच भरलेला.

आज जुन्या गोव्यात आपण ज्या वास्तू बघायला जातो, त्यांतल्या काही तर लिन्सखोतेननं पाहिल्याही नव्हत्या. बॉम जेझुसच्या सध्याच्या चर्चचं काम १५९४ मध्ये सुरू झालं, व्हाइसरॉयची कमान त्यानंतरची. उलट त्यानं पाहिलेली घरांची दाटी नाहीशी झाली आणि तिच्या जागी माड आणि झाडी आली. म्हणून असा छाप हाती आला की त्यावरचं छापल्याचं वर्ष बघून थांबू नये. मूळ चित्र कोणी, कधी काढलं आणि पुढे ते कुणी कुणावरून उतरवलं, हे शोधावं. नाहीतर ओस पडलेलं शहरही गजबजलेलं वाटेल.