सरळीची पायरी

सज्जनहो, पूर्वरंगात आधी सिद्धांत मांडायचा आणि उत्तररंगात आख्यान लावायचं, ही आम्हा कीर्तनकारांची रीत. आज ती रीत मोडतो. आधी माझी एक चूक सांगतो, मग सिद्धांत.

मोखाड्याकडच्या एका पाड्यावर सप्ताह होता. दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा रोज टाळकऱ्यांच्या रांगेत येऊन उभा राहायचा आणि जीव तोडून गायचा. पण पेटी एकीकडे आणि पोरगा भलतीकडे! तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, "बाळा, तू नुसता टाळ वाजव. तुला सूर नाही." पोरगा काही बोलला नाही. टाळ खाली ठेवला नि गेला. चौथ्या दिवशी आलाच नाही. मला वाटलं, बरं झालं.

पुढं जव्हारला आमच्या शेजारी दक्षिणेकडचं एक कुटुंब बदलीवर राहायला आलं. पहाटे माझा काकडा आटोपला, की भिंतीपलीकडून त्यांची सात वर्षांची मुलगी ऐकू यायची. सा री ग म प ध नी सा, आणि मग उलटं. पंधरा दिवस झाले तरी तेच. शेवटी मी तिच्या आईला विचारलं, "ताई, पोरीला गाणं कधी शिकवणार?" त्या म्हणाल्या, "बुवा, आधी तिचा सा बसू दे. माझ्या आईनं मला तीन महिने इथंच ठेवलं होतं." मी विचारलं, "हा पाठ बांधला तरी कुणी?" त्यांनी हात जोडले आणि नाव घेतलं, पुरंदरदास.

आता हे पुरंदरदास कोण? आपलेच हो! 1484 ते 1564 हा त्यांचा काळ मानतात. विजयनगरचं राज्य तेव्हा भरात होतं. हे मोठे सावकार, पैसा सोडवेना असे. पत्नीच्या नथीच्या निमित्तानं त्यांचे डोळे उघडले, सगळी संपत्ती वाटून टाकली आणि हाती तंबोरा घेतला, अशी कथा सांगतात. व्यासतीर्थांचे ते शिष्य. पदांच्या शेवटी त्यांची मुद्रा असते 'पुरंदर विठ्ठल'. हंपीला तुंगभद्रेच्या काठी विठ्ठलाचं देखणं देऊळ आहे आणि जवळच पुरंदरदासांच्या नावाचा मंडप आहे. काही जण त्यांचा जन्म पुण्याजवळच्या पुरंदरचा मानतात, काही जण कर्नाटकातलं गाव सांगतात. माणूस विठ्ठलाचा आहे ना, मग आपण त्या वादात कशाला पडा?

दक्षिणेत त्यांना कर्नाटक संगीताचे पितामह म्हणतात. पदं तर त्यांनी उदंड केली. पण हा मान त्यांना मिळाला तो नवशिक्यासाठी बांधलेल्या पाठांमुळे, असं तिकडची परंपरा सांगते. आजही दक्षिणेतलं मूल त्याच पाठांवरून गाणं शिकतं.

ते पाठ कसे, ते नीट पाहा. घरात पेटी असेल तर जवळ ओढून घ्या.

सर्वांत आधी श्रुती, म्हणजे तंबोऱ्याचा सा. तो शिष्याच्या गळ्याला झेपेल असा धरतात. मग राग येतो मायामाळवगौळ. नावाला भिऊ नका. पांढरी एकचा सा धरा. पुढं काळी एक, पांढरी तीन, पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सात आणि वरचा सा. वाजवून पाहिलंत? अहो, हे तर आपल्या भैरवाचेच स्वर! रे आणि ध कोमल, बाकीचे शुद्ध. आपण ज्याला कोमल रे म्हणतो त्याला ते शुद्ध ऋषभ म्हणतात, एवढा नावाचा फरक.

पहिल्या पाठाला हाच राग का? सा आणि रे अगदी शेजारी, रे आणि ग लांब, ग आणि म पुन्हा शेजारी. पुढं प-ध, ध-नी, नी-सा यांचीही तीच मांडणी. म्हणजे खालचा अर्धा भाग बसला, की वरचा अर्धा ओळखीचाच निघतो. जवळचं कसं गायचं आणि लांबचं कसं गाठायचं, दोन्ही पहिल्याच दिवशी कानावर पडतं.

आता हात. आदि ताल आठ मात्रांचा. मांडीवर एक टाळी द्यायची, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट टेकवायचं, या चार मात्रा झाल्या. मग टाळी आणि उलटा हात, पुन्हा टाळी आणि उलटा हात, या उरलेल्या चार. ताल दुसऱ्याच्या तबल्यावर सोडलेला नाही, गाणाऱ्याच्याच हातात ठेवलेला आहे.

या तालात पहिली ओळ सरळ चढायची आणि सरळ उतरायची. हिला म्हणतात सरळी वरिसै. 'स्वरावली'चंच हे रूप, असं मानतात. हात त्याच चालीनं चालतो. आधी मात्रेला एक स्वर, मग दोन, मग चार. हात घाई करत नाही, गळ्यानं दुप्पट चालायचं. सरळी झाली की जंट वरिसै, म्हणजे जोडस्वर, सासा रीरी गग. त्यातला दुसरा स्वर जरा दाबून घ्यायचा, त्यानं गळ्यात बळ येतं. मग ध्रुव, मठ्य, रूपक, झंप, त्रिपुट, अठ, एक या सात तालांतले अलंकार. इतकं झाल्यावर पहिलं गीत मिळतं ते मलहरी रागातलं, पुरंदरदासांचंच, गणपतीचं. पुढं वर्णम आणि मग कृती. त्यागराजांसारख्यांचं थोर गाणंसुद्धा ह्याच जिन्यानं गाठायचं.

तुम्ही म्हणाल, बुवा, आपल्या मराठी कीर्तनाला या दक्षिणेचं काय? संबंध आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला गादी स्थापली, आणि भोसल्यांचं ते राज्य 1855 पर्यंत टिकलं. त्या वाटेनं आपलं कीर्तन तिकडं गेलं. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी हरिकथा घडवली, तिच्यात आपली साकी, दिंडी, ओवी, अभंग आजही ऐकू येतात. आपण त्यांना कथा मांडायची रीत दिली. मग त्यांची पायरी आपण घ्यायला काय हरकत आहे? आमच्याकडं पोराला पहिल्याच दिवशी अभंग देतात. ज्याला आला तो गवई, ज्याला नाही आला तो घरी.

हे कळल्यावर त्या पोराचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. सप्ताहात आम्ही मोठी माणसं आमच्या पट्टीत गात होतो. त्याला त्याचा सा कुणी दिलाच नव्हता, आणि मी म्हणालो, तुला सूर नाही.

पाऊस सरल्यावर पेटी घेऊन त्या पाड्यावर गेलो. संध्याकाळी तारपा वाजत होता. हातात हात गुंफून माणसांचा फेर चालला होता, त्यात तो पोरगाही होता. तारप्याची चाल बदलली की पूर्ण फेर बदलायचा, आणि त्याचा पाय एकदाही चुकला नाही! दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवून आधी हात जोडले. म्हटलं, "बाळा, चूक माझी होती." आदि तालाचा हात त्यानं दोनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा बिनचूक दिला. सा मात्र बसायला सव्वा महिना लागला.

तीन वर्षं झाली त्याला. आवाज अजून जाड आहे, वरच्या सा-ला दम लागतो. पण सूर सोडत नाही. निवृत्तिनाथांच्या यात्रेला आमची दिंडी त्र्यंबकेश्वराला निघते, तेव्हा तो टाळकऱ्यांत उभा राहून गातो आणि धाकट्या पोरांना मांडीवर बोटं मोजायला शिकवतो.

म्हणून वाचकहो, एवढीच विनंती. तुमच्या गावात कुणी बेसूर गायला, तर त्याला गप्प बसवू नका. आधी त्याच्या गळ्याचा सा शोधा, मग ही सरळी द्या आणि थोडं थांबा. विठ्ठलाच्या एका भक्तानं ही पायरी मुद्दाम ठेंगणी बांधली आहे, लहान पोरालाही पाय ठेवता यावा म्हणून.

रामकृष्णहरी!